टी-३४ चे वेदरिंग: गंज कमी, धूळ जास्त

प्रश्न थोडक्यात असा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत टी-३४ रणगाड्याचे १:३५ प्रमाणातले मॉडेल बांधून आणि रंगवून झाले. गंजाचे ओघळ, कडांवर चंदेरी टवके, खाली चिखल, सगळे केले. जवळून पाहताना एकेक गोष्ट बरी वाटते, पण दोन पावले मागे गेले की मॉडेल खेळण्यासारखेच दिसते. मग कुठे बिनसते, आणि वेदरिंग, म्हणजे मॉडेलवर ऊन-पाऊस आणि वापराच्या खुणा दाखवणे, कोणत्या क्रमाने करावे?

तुमच्या रणगाड्यावरच्या खुणांची वये जुळत नाहीत, असे मला वाटते. गंज दहा वर्षे पावसात उभ्या असलेल्या गाडीचा, चिखल कालचा, टवके खाणीत राबणाऱ्या यंत्राचे, आणि रंग मात्र कारखान्यातून नुकताच निघालेला. प्रत्येक खूण सुटी पाहिली तर खरी वाटते, पण एकाच गाडीवर त्या एकमेकींना खोटे पाडतात. तंत्र नंतर सुधारता येते. रंगाची बाटली उघडण्यापूर्वी एवढे ठरवा: हा रणगाडा कुठे आहे, कोणत्या महिन्यात आहे, आणि कारखान्यातून निघून त्याला किती काळ झाला आहे. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या तीन उत्तरांतून आपोआप निघतात.

टी-३४ च्या बाबतीत तिसरे उत्तर फार महत्त्वाचे. हे रणगाडे कारखान्यातून रेल्वेने आघाडीकडे जात, आणि तिथे त्यांचे आयुष्य अनेकदा काही महिन्यांचे, कित्येकदा काही आठवड्यांचेच असे. एवढ्या काळात ४५ मिलिमीटर जाडीच्या चिलखतावर गंजाची पुटे चढत नाहीत. जिथे रंग खरवडला गेला तिथे फार तर तपकिरी पापुद्रा येतो. लांब नारिंगी ओघळ आणि गंजाचे खड्डे दिसतात ते युद्धानंतर उघड्यावर सोडलेल्या रणगाड्यांवर, आणि आपल्यापैकी बरेच जण नकळत तेच फोटो समोर ठेवून काम करतात. लढत्या गाडीवर सगळ्यात जास्त असते ती धूळ. त्याखालोखाल चिखल, तेल, डिझेल, काजळी आणि माणसांच्या बुटांचे घासणे. गंजाचा नंबर शेवटचा.

उदाहरणासाठी एक प्रसंग धरू, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. जुलै १९४३, रशियातल्या कुर्स्कची लढाई. सोव्हिएत जनरल रोतमिस्त्रोव यांची पाचवी गार्ड्स टँक आर्मी ३०० किलोमीटरहून जास्त अंतर कापून प्रोखोरोव्काजवळ आली, आणि रणगाडे रेल्वेवर न चढवता स्वतःच्या पट्ट्यांवर चालवत आणले गेले. १२ जुलैला तिथे मोठी लढाई झाली. या एका माहितीत मॉडेल बनवणाऱ्याला लागणारे बहुतेक सगळे आहे. उन्हाळा, म्हणजे कोरड्या कच्च्या रस्त्यांची धूळ, तीही रांगेत पुढे चाललेल्या गाड्यांनी उडवलेली. लांबचे कूच, म्हणजे घासून चकाकलेले पट्टे, एक्झॉस्टभोवती दाट काजळी, डिझेल भरताना सांडलेले डाग. जमीन काळ्या मातीची, म्हणजे ओली असताना काळपट तपकिरी आणि वाळल्यावर करडी. लढाईच्या सुमारास सरीही पडल्या होत्या, तेव्हा थोडा ताजा चिखल आणि धुळीवर पाण्याचे ओघळ दाखवायलाही हरकत नाही. मोठ्या गंजाला या गोष्टीत जागाच नाही.

आता बांधणीकडे येतो, कारण निम्मे खरेपण रंगाच्या आधीच येते आणि तिथेच लोक सर्वांत कमी वेळ देतात.

प्रमाणाचे गणित कायम डोक्यात ठेवा: मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटर. टी-३४ च्या अंगावरची ४५ मिलिमीटरची प्लेट मॉडेलवर जेमतेम १.३ मिलिमीटर भरते. किटमधल्या (मॉडेलच्या सुट्या भागांच्या संचातल्या) प्लॅस्टिकची जाडी साधारण तेवढीच असल्यामुळे चिलखत ठीक दिसते. फसवतात ते मडगार्ड. खऱ्या गाडीवर ते साध्या पत्र्याचे असतात, आणि किटमध्ये १ मिलिमीटर जाड असले तर तुम्ही साडेतीन सेंटिमीटरचा पत्रा लावलेला असतो. खालच्या बाजूने कडेजवळ कानशीने आणि सँडपेपरने घासत जा. वरून दिसणारी कड पातळ झाली की पुरे, सगळा तुकडा पातळ करण्याची गरज नाही. मग पुढचा कोपरा किंचित वाकवा. रांगेत चालताना धक्के खाल्लेला रणगाडा दाखवायला दहा टवक्यांपेक्षा हा एक वाकलेला कोपरा जास्त उपयोगी पडतो. टरेटवर, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या भागावर, आणि बाजूंना धरायचे दांडे असतात, ज्यांना धरून पायदळाचे सैनिक वर बसून जात. ते बहुतेक किटमध्ये जाड असतात. ०.५ मिलिमीटरची तांब्याची तार वाकवून बसवा.

टरेट कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखल्याशिवाय त्याच्या पृष्ठभागाला हात लावू नका. षटकोनी दिसणारे बरेचसे टरेट ओतीव पोलादाचे होते. त्यांचा पृष्ठभाग खडबडीत, साच्याच्या जोडाची रेघ उघडी राहिलेली, कधी ती घाईत घासून सपाट केलेली. पण स्वेर्दलोव्स्कच्या उरालमाश कारखान्याने प्रेसखाली एका जाड प्लेटमधून दाबून काढलेले टरेटही बनवले, आणि त्यांचे पृष्ठभाग गुळगुळीत, कोपरे गोलसर. दाबीव टरेटवर ओतकामाचा खडबडीतपणा दिला की जाणत्या माणसाला ते लगेच खटकते. ओतीव टरेटसाठी पद्धत सोपी आहे: दाट सरफेसर (खाचा भरणारा अस्तराचा रंग), किंवा पातळ केलेली पुट्टी, जुन्या ताठ ब्रशने टेकवत लावायची आणि वाळल्यावर बारीक सँडपेपर अगदी हलका फिरवायचा, म्हणजे टोके बसतात. खड्डे खोल नकोत. अंगावरच्या प्लेटा रोल केलेल्या असतात. त्यांचे सपाट भाग तसेच सोडा. मात्र त्यांच्या कापलेल्या कडांवर गॅसच्या ज्योतीने कापल्याच्या उभ्या ओरखड्यांसारख्या रेघा असतात, त्या करवतीच्या पात्याने हलक्या ओढता येतात.

वेल्डच्या रेघा हा टी-३४ चा खरा चेहरा आहे असे मी मानतो. युद्धकाळात हे रणगाडे किती घाईने जोडले जात होते ते तिथे दिसते. बारीक प्लॅस्टिकची काडी जोडावर ठेवा, तिच्यावर पातळ गोंद दोन-तीनदा फिरवा, मऊ झाली की बोथट पात्याने आडवे दाब देत जा. इपॉक्सी पुट्टीची सुतळी करूनही हेच जमते. रेघ जाड होऊ देऊ नका. वरचे गणित इथेही लागू आहे.

कारखाना आणि काळ यांचा मेळ घालणेही याच टप्प्यावर. स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्यात टी-३४ बनत होते, पण १९४२ च्या शरद ऋतूत लढाई शहरात शिरल्यावर ते उत्पादन थांबले. मग जुलै १९४३ च्या गाडीला त्या कारखान्याची वैशिष्ट्ये द्यायची तर सबळ कारण हवे. १९४१-४२ मध्ये रबराच्या टंचाईमुळे पोलादी धावेची चाके सर्रास वापरली गेली, आणि कर्कश आवाज व हादरे कमी करण्यासाठी कित्येक गाड्यांवर पहिले आणि शेवटचे चाक रबरी, मधली पोलादी अशी मिश्र जोडणी असे. पुढे रबरी चाके पुन्हा वाढली. किटमध्ये दोन्ही प्रकार मिळाले तर तुमच्या गाडीचा फोटो शोधा आणि त्याप्रमाणेच बसवा, डोळ्यांना आवडते म्हणून नको.

टी-३४ ला वरचे आधाररोलर नाहीत. पट्टा चाकांच्या माथ्यावरच टेकतो, आणि चाकांच्या मधल्या जागेत किंचित खाली झुकतो. हा झुकाव नसेल तर कितीही चांगले वेदरिंग करा, रणगाडा वजनदार दिसत नाही. सुट्या कड्यांचे पट्टे असतील तर गोंद अर्धवट वाळलेला असताना चाकांवर बसवून, कापसाच्या किंवा स्पंजच्या तुकड्यांनी वरून दाबून ठेवा. व्हिनाइलचा अखंड पट्टा असेल तर तो चाकांच्या माथ्यावर सुपरग्लूने चिकटवा.

बांधणी झाली की सौम्य साबणाच्या पाण्याने मॉडेल धुवा, पूर्ण वाळू द्या, आणि प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात, मारा. माझी पसंती गडद तपकिरी प्रायमरला आहे. कोपऱ्यांत रंग पातळ बसला तरी तिथे सावलीच दिसते.

सोव्हिएत संरक्षक हिरवा, ज्याला ४बीओ म्हणतात, त्याच्या अचूक छटेवर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी त्यात फार शक्ती घालवत नाही. रंगाच्या छटा कारखान्यागणिक बदलत, आणि वर धूळ बसल्यावर मूळ छटा तशीही दबते. मी एवढेच पाहतो की हिरवा ऑलिव्हकडे झुकलेला असावा आणि बाटलीतल्यापेक्षा थोडा फिकट असावा. दोन कारणे आहेत. हातात धरलेले १:३५ मॉडेल आपण साधारण ३० सेंटिमीटरवरून पाहतो, म्हणजे खरी गाडी दहा मीटरवरून पाहिल्यासारखे, आणि एवढ्या अंतरावर हवेमुळे रंग किंचित विरळ वाटतो. शिवाय फिल्टर आणि वॉश हे पुढचे पातळ हात रंग गडदच करत जातात, त्यांच्यासाठी आधीच जागा ठेवावी लागते. एअरब्रशमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनमध्ये, रंग दुधाइतका पातळ करा, हवेचा दाब १५ ते २० पीएसआयच्या आसपास ठेवा, आणि एकाच जाड थराऐवजी तीन-चार पातळ थर द्या. वरच्या सपाट भागांवर आणि प्लेटांच्या मध्यभागी थोडा पिवळसर फिकट हिरवा फिरवा. प्रत्येक प्लेट वेगळ्या छटेची करण्याची जी फॅशन आहे ती मला पटत नाही. त्यात कलाकुसर दिसते, रणगाडा दिसत नाही.

लॅकर रंग फवारत असाल तर खिडकी उघडी ठेवणे पुरेसे नाही. सेंद्रिय वाफा अडवणारे कार्ट्रिज असलेला मास्क लावा. कापडी किंवा साधा धुळीचा मास्क वाफा अडवत नाही. पिगमेंटची, म्हणजे कोरड्या रंगाची, पूड आणि रेझिनच्या भागांची घासपूस यांसाठी मात्र धुळीचा मास्क हवाच, आणि रेझिन शक्यतो ओले करून घासा.

टरेटवरचे आकडे या रणगाड्यांवर बहुतेक वेळा हाताने, ब्रशने रंगवलेले असत. डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील आकडे, फार सुबक दिसते. पेन्सिलने हलकी रूपरेषा काढून मळकट पांढऱ्या रंगाने हातानेच लिहा. थोडी असमान रेघ इथे योग्यच आहे. डेकलच वापरायचे असेल तर आधी चकचकीत वार्निश, मग डेकल, त्यावर डेकल मऊ करणारे द्रव. आकडे कसेही केले तरी शेवटी सगळ्यावर अर्धवट चकाकीचे वार्निश. मॅट पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि पांढुरके दिसते.

यानंतर वेदरिंग. क्रम मी असा ठेवतो: फिल्टर, टवके, पिन वॉश, तैलरंग, ओघळ, धूळ, चिखल, आणि सगळ्यांत शेवटी तेल व घासून निघालेले धातू. हा क्रम मुद्दाम खऱ्या गाडीच्या आयुष्याप्रमाणे आहे. आधी रंग उतरतो, मग खाचांत मळ साचतो, मग पाऊस तो खाली ओढतो, मग सगळ्यावर धूळ बसते, आणि त्या धुळीवर कालचे डिझेल सांडते. क्रम उलटला की धुळीवर कोरे टवके दिसतात, आणि खुणांच्या वयाचा तोच घोळ पुन्हा होतो.

फिल्टर म्हणजे इनॅमल थिनरमध्ये अगदी थोडा रंग मिसळून सगळ्या अंगावर फिरवलेला पातळ हात. त्याने वेगवेगळ्या छटा एकत्र येतात. ब्रशमधले जास्तीचे द्रव निथळून घ्या, म्हणजे तळी साचत नाहीत. इनॅमलचे पदार्थ ॲक्रिलिकवर वापरा, उलटे नको, आणि थिनर कधीही उघड्या प्लॅस्टिकच्या जोडांत साचू देऊ नका. ताण असलेले सांधे त्याने तडकतात, आणि रणगाड्यात ते नेमके चाकांच्या आसांजवळ होते.

टवक्यांबद्दल मी कडक आहे. मॉडेलवर १ मिलिमीटरचा टवका म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटरचा रंग उडालेला, आणि तेवढ्या आकाराचे टवके चिलखताच्या प्रत्येक कडेवर येत नाहीत. आधी मूळ हिरव्यापेक्षा फिकट हिरव्याने बारीक ओरखडे काढा: रंग घासला गेला पण तळ उघडा पडला नाही, असे. मग मोजक्या ठिकाणी त्यांच्या आत गडद तपकिरी ठिपका. चंदेरी रंग टवक्यांसाठी वापरू नका. पोलाद उघडे पडले की हवेत लगेच काळवंडते. जागा निवडताना गाडीत बसणाऱ्यांचा विचार करा. चालक पुढच्या तिरक्या प्लेटमधल्या झडपेतून आत शिरतो, म्हणून त्या झडपेची खालची कड आणि तिच्यापुढचा भाग झिजतो. वर बसलेले सैनिक मडगार्डवर पाय ठेवून चढतात आणि इंजिनाच्या झाकणावर बसतात. टरेटच्या झडपेच्या कडा, धरायचे दांडे, हत्यारांच्या पेट्यांची झाकणे. टरेटच्या मागच्या भिंतीला कोणी हात लावत नाही, तिथे टवके कशाला? बारीक फाटलेल्या स्पंजच्या तुकड्याने रंग टेकवण्याची पद्धत चांगली आहे, पण आधी कागदावर दोनदा टेकवून जास्तीचा रंग काढा.

पिन वॉश म्हणजे गडद तपकिरीचा पातळ रंग फक्त बोल्टांभोवती, वेल्डजवळ, झडपांच्या फटीत. काळा वापरू नका. हिरव्यावर काळा मळकट चित्रासारखा दिसतो, तपकिरी सावलीसारखा. अर्ध्या तासाने थिनरमध्ये किंचित ओला ब्रश घेऊन जास्तीचा भाग पुसा. अर्धवट चकाकीचे वार्निश याचसाठी होते: मॅटवर वॉश पसरून डाग होतो.

तैलरंग हा माझा सगळ्यांत आवडता टप्पा, आणि टी-३४ च्या मोठ्या तिरक्या बाजू यासाठीच घडवल्यासारख्या वाटतात. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून थोडा वेळ ठेवा, म्हणजे पुठ्ठा जवसाचे तेल शोषून घेतो आणि रंग मॅट वाळतो. मग बाजूच्या प्लेटवर पिवळी माती, कच्चा अंबर, थोडा पांढरा, कुठेतरी निळ्याचा कण, असे सुईच्या टोकाएवढे ठिपके ठेवा आणि गंधरहित व्हाइट स्पिरिटमध्ये (तैलरंग पातळ करणाऱ्या द्रवात) भिजवून जवळजवळ कोरडा केलेला सपाट ब्रश वरून खाली ओढत न्या. ठिपके अदृश्य झाले पाहिजेत, फक्त छटा उरली पाहिजे. पांढरा जपून. जास्त झाला की प्लेट दुधाळ होते. या गाडीच्या वरच्या बाजू उभ्या रेषेपासून ४० अंश कललेल्या आहेत. म्हणजे पाणी त्यांच्यावरून उतारानेच सरळ खाली येते, आणि धूळ तिथे उभ्या भिंतीपेक्षा जास्त टिकते. ओघळ नेहमी कुठून तरी सुरू झाले पाहिजेत: बोल्ट, दांड्याचा पाया, झडपेचा कोपरा. रिकाम्या प्लेटच्या मधूनच निघालेला ओघळ डोळ्याला खोटा लागतो. गंज कुठेच नको असेही नाही. मागच्या प्लेटमधल्या दोन एक्झॉस्ट पाइपांचा रंग उष्णतेने जळतो आणि ते लवकर गंजतात. तिथे गंज मनमोकळा दाखवा, आणि पाइपांच्या तोंडाभोवती काळी काजळी. पुढे लावलेल्या पट्ट्याच्या सुट्या कड्याही गंजलेल्या शोभतात.

आता धूळ. एवढ्यासाठीच मी बाकी सगळे हलक्या हाताने करायला सांगत होतो. ती तीन वेगळ्या प्रकारांनी बसवा, म्हणजे एकसारखी दिसणार नाही. पहिला थर एअरब्रशने: फिकट करडा-खाकी ॲक्रिलिक खूप पातळ करून चाकांवर, खालच्या अंगावर आणि मागच्या बाजूला हलका फवारा. पट्टे धूळ मागे फेकतात, म्हणून मागची प्लेट आणि मागचे मडगार्ड पुढच्यापेक्षा जास्त मळलेले असले पाहिजेत. दुसरा थर कोरड्या पिगमेंटचा: मडगार्डचे कोपरे, इंजिनाच्या झाकणावरच्या जाळ्या, टरेटच्या तळाची खाच, अशा ठिकाणी ब्रशने पूड टाकायची आणि व्हाइट स्पिरिटचा एक थेंब कडेला टेकवायचा, म्हणजे तो आत शोषला जाऊन पूड बसते. ओली असताना ती फार गडद दिसते. घाबरून आणखी टाकू नका, वाळल्यावर ती पुन्हा फिकट होते. तिसरा थर पावसाचा: जिथे धूळ बसली तिथे ओल्या ब्रशने खाली रेघा ओढून काही जागी हिरवा पुन्हा उघडा करा. जिथे सैनिक बसतात आणि पाय ठेवतात तिथेही धूळ बोटाने पुसून घ्या. लांबून पाहताना गाडी वापरात असल्याचे भासते ते या पुसलेल्या जागांमुळे.

पिगमेंटवर नंतर मॅट वार्निश फवारू नका. अर्धी पूड उडते आणि उरलेली रंगाच्या डागासारखी दिसते. वार्निश हवे असेल तर ते धुळीच्या आधी.

चिखल चाकांच्या आणि खालच्या अंगाच्या पातळीवर ठेवा. पिगमेंट, थोडे प्लास्टर आणि मॅट ॲक्रिलिक माध्यम यांचे मिश्रण चांगले होते. पण जाडी बघा: मॉडेलवर २ मिलिमीटर चिखल म्हणजे खऱ्या गाडीवर सात सेंटिमीटर. त्यात वाळूचे मोठे कण मिसळू नका, अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे दीड सेंटिमीटरहून मोठा खडा. जुना वाळलेला चिखल फिकट आणि मॅट, त्यावर थोडा ताजा, गडद आणि किंचित ओलसर. हे दोन थर वेगळे ठेवलेत की गाडी कालही चालली होती आणि आजही चालली आहे, हे सांगितले जाते. टी-३४ ची चाके जोडीची आहेत, आणि दोन चाकतींमधल्या फटीतून पट्ट्याचे दात जातात. चिखल त्या फटीत साचतो. फिरणाऱ्या चाकाचा मध्य त्या मानाने कमी भरतो, पण त्याच्या झाकणातून गळलेल्या वंगणाचा काळपट तारा तिथे शोभून दिसतो. रबरी धाव काळी रंगवू नका, गडद करडी रंगवा.

पट्टे शेवटी. ते मँगनीजयुक्त पोलादाचे, रंग न दिलेले. गडद तपकिरीचा पाया द्या, त्यावर एक-दोन छटांचा हलका गंज, मग मातीचे पिगमेंट सगळीकडे भरून उंच भागांवरून पुसून घ्या. ३०० किलोमीटर चालून आलेल्या गाडीच्या पट्ट्याचा जमिनीला लागणारा उंचवटा चकाकणारच. तिथे चंदेरी रंगाऐवजी मऊ पेन्सिलचे ग्रॅफाइट बोटाने घासा. आतल्या बाजूला मात्र विचार करून. टी-३४ मध्ये पट्ट्याच्या प्रत्येक दुसऱ्या कडीला दात असतो, आणि मागचे चालक चाक आपल्या रोलरांनी हे दातच पकडून पट्टा ओढते. म्हणून दातांच्या बाजू घासलेल्या दिसायला हव्यात. चाके धावतात तो दातांच्या दोन्ही बाजूंचा पट्टा पोलादी धावेखाली चकचकीत होतो, रबरी धावेखाली नुसता गुळगुळीत व निस्तेज. ही बाजू फारशी दिसत नाही, पण पुढच्या चाकावरून पट्टा वळतो तिथे नजर थेट तिच्यावर पडते.

हिवाळ्यातली गाडी करायची असेल तर एवढे ध्यानात असू द्या की पांढरा थर खडूच्या तात्पुरत्या सफेदीचा असे आणि तो पावसाने, घासण्याने निघून जाई. हिरव्यावर वार्निश, त्यावर हेअरस्प्रेचे दोन हलके थर, मग पाण्याने पातळ केलेला पांढरा ॲक्रिलिक, आणि तासाभरात पाणी लावून ताठ ब्रशने खरवडणे. निघण्याच्या जागा त्याच: माणसांचे पाय, हात आणि पाणी.

आता तुमच्या तयार मॉडेलचे. ते मोडून काढू नका, सुधारता येते. ज्या चंदेरी टवक्यांना कारण नाही ते मूळ हिरव्यात थोडा पिवळसर फिकट मिसळून बारीक ब्रशने झाका. रंग तंतोतंत जुळला नाही तरी चालेल, तो ओरखड्यासारखा दिसेल. नारिंगी ओघळ इनॅमलचे असतील आणि वर वार्निश नसेल, तर थिनरने ओल्या ब्रशने बरेचसे उचलले जातात. न निघणाऱ्यांवर हिरवट-तपकिरी तैलरंगाचा पातळ हात द्या, ते मातीच्या ओघळांत बदलतात. मग अर्धवट चकाकीचे वार्निश, एक दिवस थांबणे, आणि पुन्हा धुळीपासून सुरुवात. एक्झॉस्टचा गंज राहू द्या. चिखल जाड झाला असेल तर ओला करून टूथपिकने कोरून कमी करा, विशेषतः चाकांच्या दर्शनी बाजूचा. डिझेलचे डाग, म्हणजे गडद तैलरंगात थोडे चकचकीत वार्निश, इंधनाच्या गोल टाक्यांच्या झाकणांभोवती लावा. मात्र ते, आणि पट्ट्यांवरचे ग्रॅफाइट, धूळ पूर्ण वाळल्यानंतरच. ओल्या पिगमेंटवर दोन्ही मिसळून जातात आणि तो भाग पुन्हा धुऊन काढावा लागतो.